जंगम धनाची राखण

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना, कावेरीच्या फाट्यांनी भिजलेल्या भातखाचरांच्या मध्ये पापनाशम नावाचे गाव लागते. तमिळनाडूत या नावाची दोन गावे आहेत. एक तिरुनेलवेलीकडे, ताम्रपर्णीच्या काठी; दुसरे हे तंजावर जिल्ह्यातील, तालुक्याचे ठिकाण असलेले. या दुसऱ्या पापनाशमच्या तिरुप्पालैत्तुरै भागात पालैवननाथाचे प्राचीन शिवमंदिर असून त्याच्या आवारात विटांचे एक प्रचंड कोठार उभे आहे. तंजावरच्या नायक राजांच्या अमदानीत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले गेले. उंची सुमारे ३६ फूट. त्यात ३,००० कलम भात मावत असे, असे सांगतात. कलम म्हणजे तमिळ देशातील धान्याचे जुने माप.

या कोठाराकडे पाहिले म्हणजे प्रथम त्याची भव्यता डोळ्यांत भरते. पण थोडा विचार केला तर त्याचा निर्धास्तपणाही ध्यानात येतो. हे कोठार लुटावयाचे तर गाड्या हव्यात, बैल हवेत, पोती भरणारी वीस-पंचवीस माणसे हवीत आणि सारी रात्र हाताशी हवी. तोवर सगळा गाव जागा व्हावयाचा. भाताची राखण भिंतींनी जितकी केली, तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या वजनाने केली. जड आणि वजनाच्या मानाने स्वस्त अशा वस्तूचे हेच भाग्य असते.

आज त्याच पापनाशमच्या रस्त्यावरून एखादा विद्यार्थी पाठीवर पिशवी टाकून निघतो. तिच्यात दोन किलोंच्या आतबाहेर वजनाचा लॅपटॉप असतो, आणि त्या एका वस्तूच्या किमतीत दहापंधरा क्विंटल भात सहज यावा. ज्या धनासाठी एके काळी गाड्या लागत, ते आता काखेत मावते. चहाच्या टपरीवर, बसच्या बाकावर, वसतिगृहाच्या खोलीत ते क्षणभर नजरेआड झाले की नाहीसे होऊ शकते. अशी वस्तू राखावी कशी, हा आजचा प्रश्न वाटतो. परंतु तो आजचा नव्हे. यंत्र नवे आहे, प्रश्न जुना आहे. आणि या प्रश्नाचा हजार वर्षांचा अनुभव ज्या भूमीच्या गाठी आहे, ती भूमी म्हणजे हा कावेरीचा मुलूखच होय.

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भेद महाराष्ट्रात कोर्टकचेरीमुळे सर्वांना ठाऊक आहेत. चोरीचा संबंध यांतील दुसऱ्याशीच येतो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. १८६० साली मंजूर झालेल्या भारतीय दंडसंहितेने चोरीची व्याख्या करताना जंगम मालमत्तेचाच उल्लेख केला. जमिनीला जडलेली वस्तू जमिनीपासून सुटेपर्यंत चोरीचा विषय होऊ शकत नाही, असा खुलासाही तेथे होता. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तोच कायम ठेवला. उभे झाड चोरता येत नाही. तोडलेले झाड चोरता येते. म्हणजे हलणे हाच चोरीच्या शक्यतेचा आरंभ आहे.

संगणकाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेला एनिॲक हा संगणक सुमारे तीस टन वजनाचा होता. १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जो संगणक कार्यान्वित झाला आणि ज्याला पुढे टिफ्रॅक हे नाव मिळाले, तोही एका दालनात ठाण मांडून बसलेला होता. अशा यंत्राच्या चोरीची चिंता कोणास पडणार? तो पापनाशमच्या कोठाराचाच भाऊबंद. १९८१ साली ऑस्बोर्न नावाचा संगणक बाजारात आला. तो पेटीसारखा उचलून नेता येई. वजन मात्र अकरा किलो, तेव्हा नेणाऱ्याच्या दंडाची परीक्षाच होती. त्यानंतर यंत्र हलके होत गेले, आणि जसजसे ते हलके झाले तसतशी मालकाची काळजी जड होत गेली. १९९० नंतर संगणकाच्या कडेला एक बारीक खाच ठेवण्याची पद्धत पडली. तिच्यात पोलादी दोराचे कुलूप अडकवून यंत्र मेजाला बांधून ठेवता येते. म्हणजे जंगम वस्तूला, बसल्या जागेपुरते, पुन्हा स्थावर करण्याचाच तो प्रयत्न होता.

तंजावर परिसरातील देवालयांनी हाच भेद फार पूर्वी जाणला होता. तेथे गाभाऱ्यातील मुख्य देव पाषाणाचा आणि अचल असतो. लिंग किंवा मूर्ती भूमीत रोवलेली असते. परंतु देवाने वर्षातून काही दिवस बाहेर निघावे, रथात बसावे, दाराशी येऊन आजाऱ्यालाही दर्शन द्यावे, ही भक्तांची आस असते. त्यासाठी पंचधातूच्या उत्सवमूर्ती घडवण्यात आल्या. चोळ राजांच्या काळात, म्हणजे स्थूलमानाने नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत, ही कला परमोत्कर्षास पोहोचली. या मूर्तींच्या पीठाला कड्या किंवा भोके ठेवलेली असतात; त्यांतून दांडे घालून मूर्ती उचलावी, अशी योजना असते. वाहून नेणे हा या मूर्तीचा धर्मच होय. महाराष्ट्रातही मूळ मूर्ती देवळात राहते आणि मुखवटा वा पादुका पालखीत बसतात. तेव्हा हा भेद मराठी माणसाला नवा नाही. ज्या गुणामुळे मूर्ती लोकांपर्यंत पोहोचते, त्याच गुणामुळे ती चोराच्याही हाती लागते. लॅपटॉपचेही नेमके हेच आहे.

या जंगम धनाच्या राखणीची पहिली मोठी तजवीज तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर कोरलेली आढळते. राजराज चोळाने हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण केले. आपण, आपली थोरली बहीण, राण्या आणि इतर लोक यांनी देवाला दिलेल्या वस्तू पाषाणावर कोराव्यात, अशी त्याने आज्ञा दिली. हे लेख वाचताना एखाद्या दक्ष कारकुनाची वही उघडल्यासारखे वाटते. धातूची प्रत्येक मूर्ती मंदिरात ठेवलेल्या हाताच्या मापाने मोजलेली आहे. तिची उंची किती, हात किती, पीठ कसे, प्रभावळ किती, हे सारे नोंदलेले आहे. सोन्याची भांडी देवाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वजनी दगडाने तोललेली आहेत. दागिन्यांत मोती किती, त्यांतले गोल किती आणि खडबडीत किती, याची गणती आहे.

नोंदीबरोबर माणसांचीही व्यवस्था होती. मंदिराला राखणदार, हिशेबनीस आणि कोषपाल पुरवण्याचे काम राज्यातील निरनिराळ्या गावांकडे सोपवलेले होते. कोषपाल म्हणून जो पाठवावयाचा, तो जमीनजुमला, सोयरेधायरे वा भांडवल असलेला असावा, अशी अट होती. यात मोठे व्यवहारज्ञान आहे. धन जंगम असेल, तर त्याचा राखणदार तरी स्थावर असावा. त्याला गाव सोडून पळता येऊ नये! त्या लेखांत नमूद असलेल्या धातूमूर्तींपैकी बहुतेक आज त्या मंदिरात नाहीत. मूर्ती गेल्या, वर्णन राहिले. कारण मूर्ती उचलता येत होती आणि भिंत उचलता येत नव्हती.

भिंतीवर नोंद करण्याचा हा परिपाठ तंजावरच्या मराठ्यांनीही चालवला. त्याच बृहदीश्वराच्या आवारात १८०३ साली दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले कुलाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. कागद जळतो, वाळवी लागते, बाड कोणी उचलून नेते. हा लेख मात्र दोन शतके ऊनपाऊस सोशीत तेथेच आहे.

नोंद झाली, पण चोरी झाल्यावर जबाबदार कोण? तमिळ देशात यासाठी कावल नावाची पद्धत होती. गावाची राखण विशिष्ट घराण्यांकडे किंवा जमातींकडे असे, आणि त्याबद्दल त्यांना पिकाचा वाटा मिळे. चोरी झाली तर माल शोधून द्यावा, नाही तर भरपाई करावी, असा दंडक असे. महाराष्ट्रातील रामोशी आणि जागले यांची रीत याहून निराळी नव्हती. एल्फिन्स्टनने १८१९ साली दख्खनच्या कारभाराविषयी जे निवेदन लिहिले, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. चोराचा माग काढीत राखणदाराने गावाच्या शिवेपर्यंत जावे आणि तो शेजारच्या गावाच्या हवाली करावा; ज्या गावाच्या हद्दीतून माग बाहेर पडत नाही, त्या गावाने नुकसान भरून द्यावे. ही सामुदायिक जबाबदारी होती. म्हणून गावातील प्रत्येक डोळा हा राखणीचा डोळा होता.

या पद्धतीत दोषही होते. राखणदार आणि चोर यांच्यातील अंतर पुष्कळदा फार थोडे असे. तमिळ देशात तर चोरीच्या मालाचा सुगावा लावून देण्याबद्दल मोबदला घेण्याची चाल पडली, आणि पुढे पुढे हा मोबदला म्हणजे चोराला दिलेली खंडणीच ठरू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारने दक्षिणेतील ही व्यवस्था मोडीत काढून पगारी पोलीस आणले. महाराष्ट्रात पुरंदरच्या बाजूला रखवालीचे हक्क गेल्याने रामोशांत जो असंतोष पसरला, त्यातूनच उमाजी नाइकाचे बंड उभे राहिले. नव्या व्यवस्थेत शिस्त आली. पण गावाच्या वस्तूची जबाबदारी गावावर राहिली नाही. ती दूरच्या ठाण्याकडे गेली, आणि ठाण्याला त्या वस्तूची ओळख नव्हती.

जेथे राखणदार पुरे पडणार नाहीत अशी वेळ येई, तेथे तिसरा मार्ग धरण्यात येई, तो लपवण्याचा. स्वाऱ्यांच्या आणि दंगलीच्या काळात पुजाऱ्यांनी उत्सवमूर्ती रात्रीतून जमिनीत पुरल्या. मग कित्येकदा ज्यांना जागा ठाऊक होती ती माणसे काळाच्या उदरात गडप झाली आणि मूर्ती शतकानुशतके मातीत पडून राहिल्या. नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खोदकामात, कुदळीच्या घावाला त्या अवचित सापडत राहिल्या. १९५१ च्या सुमारास तिरुवेंगाडू येथे अशाच अप्रतिम चोळ मूर्ती निघाल्या आणि त्याच साली तंजावरच्या राजवाड्यात स्थापन झालेल्या कलादालनात त्यांतील काही विराजमान झाल्या. गुप्तता राखण करते खरी. पण गुपित जाणणारा एकच उरला, तर तीच गुप्तता वस्तूला गिळते.

स्वातंत्र्योत्तर काळात या मूर्तींवर जे संकट आले, ते स्वाऱ्यांपेक्षा शांत आणि म्हणूनच अधिक घातक होते. कुंभकोणमजवळ शिवपुरम नावाचे खेडे आहे. तेथे १९५१ साली शेतात काही धातूमूर्ती सापडल्या. त्यांत दहाव्या शतकातील एक नटराज होता. मूर्ती मंदिराच्या स्वाधीन झाल्या आणि काही वर्षांनी दुरुस्तीसाठी कारागिराकडे देण्यात आल्या. तेथून परत आल्या त्या मूर्ती नव्हेत, तर त्यांच्या हुबेहूब नकला! गावाने नकलेचीच पूजा मांडली. अस्सल नटराज मुंबईतील संग्राहकांच्या हातांतून परदेशी गेला. देवळातील मूर्ती नक्कल असून अस्सल मूर्ती मुंबईत एका खाजगी संग्रहात आहे, असे ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६५ साली ग्रंथात लिहिले, तेव्हा कोठे चोरीला वाचा फुटली. १९७३ साली अमेरिकेतील नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठानाने तो नटराज सुमारे नऊ लक्ष डॉलरना घेतला. भारत सरकारने दावा लावला, तडजोड झाली आणि १९८६ साली नटराज मायदेशी परतला. या प्रकरणात कुलूप तोडले गेले नव्हते, भिंत फोडली गेली नव्हती. राखणाऱ्यांना आपली वस्तू पुरती ओळखीची नव्हती, एवढेच झाले होते.

दुसरे उदाहरण पत्तूरच्या नटराजाचे. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील या खेड्यात १९७६ साली एका मजुराला पडक्या देवळाजवळ खणताना मूर्ती सापडली. ती हातोहात विकली जाऊन लंडनला पोहोचली, आणि १९८२ साली कॅनडातील एका कंपनीने ती विकत घेतली. पुढे लंडनच्या पोलिसांनी ती ताब्यात घेतली आणि मोठा खटला उभा राहिला. मूर्तीची कोठेही नोंद नव्हती, छायाचित्र नव्हते. मग ती पत्तूरचीच हे सिद्ध कसे करावयाचे? त्याच जागी नंतर आणखी मूर्ती निघाल्या होत्या. त्यांच्या घडणीशी तिची तुलना झाली. मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीने काढलेल्या वाटा यांचीदेखील तपासणी झाली. अखेर १९९१ साली अपील न्यायालयाचा निर्णय मंदिराच्या बाजूने लागला आणि नटराज परत आला. माणसांनी जी नोंद ठेवली नाही, ती मातीने आणि वाळवीने ठेवली होती, असेच म्हणावे लागते. पण असे साक्षीदार प्रत्येक वेळी भेटत नसतात.

या अनुभवांतून दोन उपाय पुढे आले. पहिला उपाय कायद्याचा आणि बंदिस्त जागेचा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने अशा वस्तूंची छायाचित्रांसह नोंदणी सांगितली. १९८३ साली तमिळनाडू पोलिसांत मूर्तिचोरीच्या तपासासाठी स्वतंत्र शाखा निघाली. आणि खेडोपाडीच्या असुरक्षित देवळांतील मूर्ती गोळा करून भक्कम अशा मध्यवर्ती कोठारांत ठेवण्यात आल्या. मूर्ती सुरक्षित झाल्या यात शंका नाही. पण ज्या देवाने रथात बसून गावात फिरावयाचे, तो शेकडो देवांच्या दाटीत, लोखंडी दाराआड उभा राहिला. गावात उत्सवाचा दिवस उगवला तरी देव गावात नाही, असे झाले. जंगम वस्तूला कायमचे स्थावर करून टाकणे ही राखण खरी, परंतु तिच्यात वस्तूचा प्राणच हरवतो. शाळेला मिळालेले संगणक चोरीच्या भयाने कपाटात कोंडून ठेवणाऱ्या मुख्याध्यापकाची अडचण याहून वेगळी नसते. संगणक शाबूत राहतो. विद्यार्थी मात्र कोरा राहतो.

दुसरा उपाय ओळखीचा. पाँडिचेरीला १९५५ साली फ्रेंच संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या छायाचित्रकारांनी पुढील वर्षापासून दक्षिणेतील खेड्याखेड्यांत हिंडून देवळांची व मूर्तींची छायाचित्रे घेतली; तो संग्रह लाखाच्या वर गेला. चोरी पकडणे हा त्यांचा हेतू नव्हता, अभ्यास हा होता. पण अर्धशतकानंतर त्या छायाचित्रांनीच साक्ष दिली. अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंतान येथून नटराजाची मूर्ती चोरीस गेली होती. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती सुमारे पन्नास लक्ष डॉलर देऊन घेतली. पाँडिचेरीचे छायाचित्र शेजारी ठेवून पाहताच ओळख पटली, आणि २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती भारताच्या पंतप्रधानांच्या हवाली केली. दाराला जाडजूड कुलूप लावणाऱ्यापेक्षा साधे छायाचित्र घेऊन ठेवणारा अधिक मोठा राखणदार ठरला.

मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने तंजावरचे सर्वात मोलाचे जंगम धन म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. नायकांच्या काळी आरंभ झालेल्या या संग्रहाला खरे वैभव आणले ते दुसऱ्या सरफोजी राजांनी. १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. १८२० नंतर काशीयात्रेला गेले असतानाही त्यांनी ग्रंथ जमवले. संस्कृत, तमिळ, तेलुगू यांबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते तेथे आहेत, शिवाय मोडी कागदपत्रांची दप्तरे निराळीच. आपल्या संग्रहातील छापील ग्रंथांवर स्वहस्ते नाव लिहिण्याची सरफोजींना सवय होती. वरवर ही हौस दिसते. पण हीच मालकीची खूण.

अशा ग्रंथालयालाही चोरी चुकली नाही. १७१५ साली तरंगंबाडी येथे छापून पुरा झालेला तमिळ नवा करार तेथे होता. ती दुर्मीळ प्रत २००५ च्या ऑक्टोबरात नाहीशी झाली. तपास थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि ती प्रत लंडनमधील एका संग्रहात असल्याचे २०२२ साली तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी शाखेने जाहीर केले. सरफोजी राजे आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांचे, १८२२ ते १८२७ च्या दरम्यान रंगवलेले एक चित्रही असेच परदेशी गेले. अमेरिकेतील पीबडी एसेक्स संग्रहालयाने ते २००६ साली एका व्यापाऱ्याकडून विकत घेतले होते; व्यापाऱ्याने दिलेला मालकीचा इतिहास खोटा निघाल्यावर २०१५ साली संग्रहालयाने ते अमेरिकन शासनाच्या स्वाधीन केले. या दोन्ही वस्तूंचा माग लागला, कारण जग त्यांना नावाने ओळखत होते. ज्या पोथीची सूचीत नोंदच झाली नाही, ती गेली तर गेल्याचेदेखील कळत नाही.

परंतु ओळख पटूनही वस्तू परत येत नाही, असाही एक प्रसंग असतो. कोकणात दिवेआगर येथे १९९७ साली एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला होता. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले आणि मुखवटा चोरांनी वितळवून टाकला. आरोपी सापडले, सोने सापडले. पण जे रूप होते ते कायमचे गेले. २०२१ साली त्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून स्थापन करावा लागला. वस्तूत दोन मोले असतात, एक धातूचे आणि एक रूपाचे. चोराला बहुधा पहिल्याशीच कर्तव्य असते आणि धन्याचा जीव दुसऱ्यात असतो.

लॅपटॉपच्या बाबतीत हा भेद अधिकच तीव्र होतो. चोर त्यातील मजकूर पुसतो, सुटे भाग काढून विकतो. म्हणजे मूर्ती वितळवण्याचाच हा प्रकार. त्यात विद्यार्थ्याचा वर्षाचा अभ्यास असेल, संशोधकाची दहा वर्षांची टिपणे असतील, कोणा घराची सारी छायाचित्रे असतील. चोराला ती ओझेच होत. कधी उलटेही होते. २००६ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या घरून लॅपटॉप आणि माहिती साठवण्याचे एक उपकरण चोरीस गेले. यंत्रांची किंमत किरकोळ. पण त्यांत सुमारे २ कोटी ६५ लक्ष लोकांची खाजगी माहिती होती. सुमारे दोन महिन्यांत वस्तू परत मिळाल्या, तरीही पुढे त्या खात्याला दोन कोटी डॉलरांची भरपाई मान्य करावी लागली.

रूप वाचवण्याचा उपाय एकच, तो म्हणजे प्रत. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या तरी अभंग बुडाले नाहीत. ते लोकांच्या मुखी होते आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी लिहून ठेवले होते, असे परंपरा सांगते. तंजावरच्या मठांत आणि राजवाड्यात पोथ्यांच्या नकला करणारे लेखक बसत, तेही याच कामाला लागलेले राखणदार होते. संगणकातील लेखाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे हा त्याच परंपरेचा आजचा अवतार. आणि मजकूर परक्याला वाचता येऊ नये म्हणून तो सांकेतिक रूपात ठेवणे, ही जमिनीत मूर्ती पुरण्याची युक्ती. मात्र तेथे पुरलेल्या मूर्तीचा धडा विसरून चालत नाही. संकेतशब्द एकालाच ठाऊक असेल आणि तोच विसरला, तर चोरावाचूनच चोरी होते.

१५ सप्टेंबर २०११ रोजी तमिळनाडू शासनाने सरकारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली आणि पुढील काही वर्षांत असे लक्षावधी संगणक गावोगाव पोहोचले. ज्या घरांत जंगम धन म्हणजे एखाद-दुसरा दागिना आणि तांब्यापितळेची भांडी, त्या घरांत एकाएकी हे नवे धन आले. वाटपापूर्वी शाळांत रचून ठेवलेले संगणक रातोरात नाहीसे झाल्याच्या बातम्याही निरनिराळ्या जिल्ह्यांतून आल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्या राज्याने वीस लक्ष महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप किंवा तत्सम उपकरणे देण्याचे पुन्हा घोषित केले. तेव्हा ही राखण आता काही थोड्या श्रीमंतांची चिंता राहिलेली नाही.

या साऱ्या इतिहासाचा इत्यर्थ फार साधा आहे. कुलूप वेळ देते. ते वस्तू परत आणत नाही. हरवलेले यंत्र दूरवरून शोधण्याच्या आजच्या युक्त्याही, यंत्र महाजालाला जोडले गेले तरच चालतात. परत आणते ती ओळख. प्रत्येक यंत्रावर कारखान्याने दिलेला एक क्रमांक असतो. मोबाइल फोनचा शोध घेण्यासाठी देशभर मध्यवर्ती नोंदवही आहे. पण साध्या लॅपटॉपला फोनसारखा तो क्रमांक नसतो, म्हणून त्याची नोंद ठेवण्याचे काम धन्याकडेच येते. क्रमांक वेगळ्या कागदावर लिहिला, खरेदीची पावती जपली, यंत्राचे छायाचित्र घेतले, अंगावर न पुसणारी खूण केली, म्हणजे राजराजाच्या कारकुनाने हजार वर्षांपूर्वी केले तेच झाले. शाळेच्या वहीत कोणते यंत्र कोणाच्या हाती आहे हे लिहिले गेले, आणि शेजारच्या बाकावरील मित्राने आपल्या यंत्राइतकीच दुसऱ्याच्या यंत्रावर नजर ठेवली, म्हणजे कावलची जुनी रीत तिच्या दोषांवाचून परत आली.

पापनाशमचे कोठार अजून उभे आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याला संरक्षित वास्तू म्हणून मान दिला आहे. आतले भात केव्हाच सरले. ते कोणी चोरले नाही, लोकांनी खाल्ले, आणि धान्य त्याचसाठी असते. त्याच्या सावलीतून जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पिशवीतील यंत्र कपाटात जपण्यासाठी नाही, हिंडवण्यासाठी आहे. उत्सवमूर्तीने फिरावे, रात्री सुखरूप देवळात परत यावे आणि आली ती आपलीच, हे गावाने ओळखावे. जंगम धनाची खरी राखण ती हीच.